मोठीमायचा डावा हात

आमच्या मालिकेतल्या सगळ्या रात्री भर दुपारी व्हायच्या. यावल तालुक्यात, केळीच्या बागांना लागून, कापसातली सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या आवारातला मालकाचा बंगला आम्ही भाड्याने घेतला होता. लाइटवाले सकाळीच बंगल्याच्या खिडक्यांवर बाहेरून काळं कापड ठोकायचे. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत मध्यरात्र. नायिका कंदील घेऊन जिना उतरायची, दचकायची, मागे वळून बघायची, आणि शॉट संपला की ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पंख्यापुढे बसायची. घाबरलेल्या माणसाच्या कपाळावर घाम दिसावा लागतो. तो घाम मेकअपवाल्यांना कधी लावावा लागला नाही.

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा संपादकांना सेटवरच्या भुतांचे किस्से हवे होते. ते माझ्याकडे नाहीत. त्या बंगल्यात मी जवळजवळ वर्षभर काम केलं, त्याच्या प्रत्येक खोलीत एकटी बसले, आणि पाली सोडून मला काही दिसलं नाही. ज्याची भीती वाटली ते बंगल्याच्या बाहेर, उजेडात घडलं. मालिकेचं आणि वाहिनीचं नाव मी लिहिणार नाही, करारात बसत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. मी स्वतःबद्दलही फार लिहिणार नाही, ती सवय नाही. जळगावची आहे, शाळा इंग्लिश मीडियमची, आणि मराठी वाचताना अजूनही एखाद्या जोडाक्षरापाशी थांबते. एवढं पुरे.

माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे काय, ते घरीही नीट कळलेलं नाही. मालिकेतला एक प्रसंग एका दमात शूट होत नाही. नायिका दार उघडते तो शॉट आज घेतात, ती आत येते तो शॉट पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात तिच्या बांगड्या बदलता कामा नयेत, कंदील डाव्या हातातून उजव्या हातात जाता कामा नये, विझलेली उदबत्ती पुन्हा लांब होता कामा नये. हे सगळं ध्यानात ठेवणारी ती मी. प्रत्येक शॉटनंतर मी फोटो काढते. सेटवर सगळ्यांत कमी बोलणारं आणि सगळ्यांत जास्त बघणारं माणूस या कामाला लागतं. मी लहानपणापासून तशीच आहे. शाळेत त्याला दोष म्हणायचे, इथे त्याचा पगार मिळाला.

मालिकेची गोष्ट सोपी होती. जिनिंगवाल्यांच्या घरात नवी सून येते, घरातले वारस एकेक करून का मरतात याचा शोध घेते, आणि त्यामागे घरातलीच माणसं असतात. अशा मालिकेत नायक-नायिकांना फार काम नसतं. लोक बसतात ते खलनायकांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या शिक्षेसाठी. शिक्षा फार लवकर दिली तर लोक दुसरीकडे वळतात, फार लांबवली तर चिडतात. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, ते याला भाकरी भाजणं म्हणायचे. सुनेचं घर हडपणाऱ्या वकीलमामाला त्यांनी बरेच महिने भाजला. ते काम करणारा नट साधा, हसरा माणूस. एका सुट्टीच्या दिवशी तो जामनेरच्या बाजारात भरताची वांगी घ्यायला गेला, तर भाजीवाली त्याला म्हणाली, "तुम्हाले वांगे नई भेटनार. त्या पोरीचं घर घेतलं ना लिहून? आता घर खा."

त्याने हे सेटवर येऊन इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू बक्षीस मिळालं होतं. पुढे वकीलमामा सरकीच्या ढिगात गाडला जाऊन मेला. त्या शॉटसाठी खरी सरकी आणली होती, आणि तो बिचारा नंतर दोन दिवस नाकातून कापसाचे तंतू काढत होता. त्यानंतर तो मुद्दाम त्याच भाजीवालीकडे गेला. तिने वांगी दिली, वर दोन जास्तीची घातली आणि आता फिटलं म्हणाली. सरांना ही गोष्ट फार आवडली. एकदा शिक्षा झाली की लोक मोकळे होतात, हे त्यांचं तेव्हापासून ठाम मत झालं. माझंही तेव्हा तेच मत होतं.

सगळ्यांच्या वर होती मोठीमाय, सासऱ्यांची थोरली वहिनी. वारसांना तीच मारत होती. हिरवी काळपट साडी, कमरेला किल्ल्या, आणि हळूहळू चालणं. रोहिणीताई ते काम करायच्या. नाटकातून आलेल्या, मोठ्या आवाजाच्या, मनाने चांगल्या बाई. पण त्या मुंबईहून महिन्यातले थोडेच दिवस यायच्या, आणि मोठीमाय तर रोज लागायची. मग बाकीच्या शॉटसाठी त्यांची डुप्लिकेट लागली. दारामागची सावली, जिन्यावरची पावलं, दुधात काहीतरी मिसळणारे हात. चेहरा सोडून सगळं.

डुप्लिकेट शोधून आणली नानांनी. नाना म्हणजे गावातले एक उद्योगी गृहस्थ. आम्हाला ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, गर्दीची माणसं, सगळं तेच पुरवायचे. त्यांनी केळीचे घड कापून वाहणाऱ्या मजुरांच्या टोळीतल्या सुमनबाईंना आणलं. उंची तीच, बांधा तोच. सुमनबाई मूळच्या धुळ्याकडच्या. नवऱ्याबरोबर मजुरीला इकडे आल्या, नवरा वारला, मुलीचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली, आणि या एकट्याच गावाच्या कडेला राहिल्या. त्यांची बोली गावापेक्षा वेगळी होती, आणि पोरं त्यावरून त्यांची नक्कल करायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "माले बोलानं नही ना?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग चालस."

आमचं जमलं. दोघींनाही बोलायचं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत आम्ही एका कोपऱ्यात बसायचो, त्या पाय चोळत, मी फोटो बघत.

त्यांच्या डाव्या तळहातावर, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, काळपट डाग होता. केळीचा चीक अंगावर सुकला की तसा डाग पडतो, आणि वर्षानुवर्षं घड वाहणाऱ्या हातांत तो मुरतो. आमचे मेकअपवाले रोज त्यावर रंग चढवायचे. एका दुपारी उकाड्याने रंग ओघळला आणि दुधाच्या पेल्याच्या क्लोजअपमध्ये तो काळा हात तसाच आला. मी चूक दाखवायला सरांकडे गेले. सरांनी मॉनिटरमध्ये पाहिलं आणि खूश झाले. हा हात मोठीमायची खूण होणार, म्हणाले. त्या दिवसापासून माझं काम उलटं झालं. सुमनबाईंचा डाग झाकायचा नाही, आणि रोहिणीताई आल्या की फोटो बघून तसाच डाग त्यांच्या हातावर रंगवून घ्यायचा. मी डागाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. सुमनबाई हात उघडून बसल्या होत्या. हा डाग कधी जातो का, मी विचारलं. त्या हसल्या. "चीक शे ताई तो. मरसू तवय जाई." मेल्यावरच जाणार म्हणे.

काळा हात भलताच चालला. दाराच्या फटीतून तो नुसता दिसला तरी लोक टीव्हीसमोर किंचाळायचे म्हणे. गावानेही ओळखला. पहिल्यांदा तो दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकाशी बायका जमल्या होत्या, एकमेकींना ढोसत. "व बाई, हा तं आपल्या सुमनचा हात!" सुमनबाई लाजल्या. त्यांना टोळीत दोन दिवस सगळ्या मोठीमाय म्हणत होत्या. पोरं दारामागून हात काढून एकमेकांना घाबरवत होती. आम्हालाही गंमत वाटली.

गंमत कधी संपली ते मला नेमकं सांगता येत नाही, आणि हे कबूल करणं माझ्या धंद्याला शोभत नाही. मे महिन्यात वादळ आलं, दरवर्षी येतं तसं, आणि गावातल्या एका बागेतली घडाने वाकलेली केळी आडवी झाली. ती बाग सुमनबाईंच्या टोळीने आदल्या दिवशी कापायला घेतली होती. नंतर कोणाची तरी म्हैस आटली. या गोष्टी नाना मला हसत सांगायचे. म्हणायचे, मॅडम, तुमची मोठीमाय गावातही कामाला लागली. मग एक दिवस पाहिलं, की सुमनबाई फाटकातून येताना समोरून येणाऱ्या बाईने आपलं मूल उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, सुमनबाईंच्या विरुद्ध बाजूला. ती बाई तशीच पुढे गेली. पुढच्या दिवशी दुसऱ्या बाईने तसंच केलं. मी बघायचं काम करते, त्यामुळे मला ते दिसलं. बाकी सेटला दिसलं नाही.

मी विचारलं नाही. सुमनबाईंनीच सांगितलं, पावलांचा शॉट लावेपर्यंत जिन्यात बसलो होतो तेव्हा. आता टोळीत घेत नाहीत. बागेत पाण्याचा हंडा असतो, त्याला यांनी हात लावला की बाकीच्या पाणी पीत नाहीत. किराणावाला सामान हातात देत नाही, ओट्यावर ठेवतो. "बठ्ठ्या पहिले हासेत," त्या म्हणाल्या. "आते हासतस बी नही." म्हणजे सगळ्या आधी हसायच्या, आता हसतही नाहीत.

आमच्या घरात आजीने असल्या हंड्यांच्या आणि ओट्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आम्ही बौद्ध, तिला ते सगळं अनुभवाने माहीत होतं. मी त्या गोष्टी जुन्या म्हणून ऐकल्या होत्या. इथे कारण वेगळं होतं, पण ओटा तोच होता. त्या दिवशी जळगावला परत जाताना गाडीत मी पुढच्या एपिसोडचे कागद काढून पुन्हा वाचले.

मला पुढचं माहीत होतं. मोठीमायची शिक्षा लिहून आली होती. घराचं रहस्य फुटतं, गाव बंगल्यावर चालून येतं, आणि तिला जिन्यावरून खाली ओढून, दगड मारत वेशीबाहेर घालवतं. धावतानाचे पाठमोरे शॉट सुमनबाईंचे होते. गर्दी गावातलीच घ्यायची ठरली होती, कारण जळगावहून आणलेली गर्दी शहरी दिसते.

सुमनबाईंनी एकदा विचारलंच. "ताई, शेवटले तिले काय करतस?" मी सांगितलं. गावाबाहेर काढतात म्हटलं, दगडांचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग सरी जाई ना? लोकेस्नं?" म्हणजे मग लोकांचं संपेल ना. वांग्यांची गोष्ट सांगावीशी वाटली, पण सांगितली नाही.

सरांशी मी तोपर्यंत कामाखेरीज एक वाक्य बोलले नव्हते. दोन दिवस मनात वाक्यं जुळवली, इंग्लिशमध्ये आणि मग मराठीत, आणि शेवटी जेवणाच्या सुट्टीत जाऊन भराभरा सांगितली. डाकीण ठरवतात बायकांना, सातपुड्याकडे अजून ठरवतात, त्याला कायदा आहे, आणि ही बाई गावात एकटी राहते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, तू म्हणतेस ते खरं असेल तर उलट शिक्षा लवकर दाखवायला हवी. त्याच बायकांना आपल्या हाताने मोठीमायला हाकलू दे, त्या मोकळ्या होतील. वांगी आठव. आणि एपिसोडच्या आधी पाटी टाकूच. अंधश्रद्धेला प्रोत्साहन देण्याचा हेतू नाही, ही पाटी. तिचा इंग्लिश मजकूर वाहिनीने तपासायला माझ्याकडेच पाठवला. मी त्यातली एक चूक दुरुस्त करून परत पाठवला.

सुमनबाई नाही म्हणू शकल्या असत्या का? टोळी सुटली होती. आमचंच काम उरलं होतं.

तो आमच्या मालिकेतला पहिला उजेडातला प्रसंग. जिनिंगच्या आवारात, कापूस वाळवायच्या मोठ्या ओट्यासमोर, सकाळपासून तयारी चालली होती. कला विभागाने थर्माकोलचे दगड करून आणले होते, करडे रंगवलेले, इतके हुबेहूब की मी ओळखायला हातात घेऊन बघत होते. टोपल्यांतून ते बायकांना वाटले. गर्दीच्या आवाजात कोणाचं ऐकू येणार नाही म्हणून नानांच्या गळ्यात शिट्टी दिली. एक शिट्टी झाली की धावायचं, दुसरी झाली की थांबायचं. मी ओळीने प्रत्येक बाईचा फोटो काढला, कोणाच्या हातात काय, पदर कसा, हे जुळायला नको का. सगळ्यांचे हात मी त्या दिवशी जवळून पाहिले.

तालीम झाली तेव्हा चांगला गोंधळ होता. बायका हसत होत्या, थर्माकोल एकमेकींच्या डोक्यात मारत होत्या, नानांना चहा कधी देता म्हणून छळत होत्या. नाना म्हणत होते, आधी चेटकीण पळवा, मग चहा. तालमीत मोठीमायच्या जागी आमचा एक मुलगा धावला होता, शर्ट-पँटमध्ये. सगळ्यांनी त्याला यथेच्छ मारलं.

मग सुमनबाई हिरव्या साडीत, केस सोडून, बंगल्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. त्या पळाल्या. बायका त्यांच्या मागे निघाल्या, आणि आवाज बंद झाला.

इतक्या जणी धावत होत्या आणि कोणी ओरडत नव्हतं. नुसत्या चपला वाजत होत्या आणि धूळ उडत होती. सर मॉनिटरला चिकटले होते, आणि हळूच, आनंदाने म्हणाले, "बघ, न सांगता गप्प झाल्या. हे सांगून मिळत नाही."

तेवढ्यात पत्र्याच्या शेडवर टण्ण असा आवाज आला.

थर्माकोल पत्र्यावर पडला तर वाजत नाही. आवाज टिपणाऱ्या मुलाने कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. आणखी एकदा वाजलं. सेटवर कट म्हणायचा अधिकार एकट्या दिग्दर्शकाचा, हे नव्या स्पॉटबॉयलाही माहीत असतं. मी कट म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. सरांनी रागाने मागे पाहिलं. रोहिणीताई छत्रीखाली आपल्या क्लोजअपची वाट बघत बसल्या होत्या, तीच साडी, तेच सोडलेले केस, डाव्या हातावर मी जुळवून रंगवून घेतलेला तोच डाग. त्यांनी मला विचारलं, काय झालं.

"खरे दगड आहेत," मी म्हणाले.

रोहिणीताई उठल्या आणि सरळ आवारात चालत गेल्या. सुमनबाई फाटकापाशी कोपऱ्यात अडकल्या होत्या. रोहिणीताई त्यांच्या आणि बायकांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. एकाएकी दोन मोठीमाय झाल्या. पुढच्या बायका थबकल्या, मागच्या त्यांच्यावर आदळल्या. नानांना तेव्हा कुठे शिट्टी आठवली.

यानंतर रोहिणीताईंनी जे केलं ते माझ्याही डोक्यात आलं असतं. त्यांनी मेकअपवाल्याकडून तेल लावलेला कापूस मागवला आणि सगळ्यांसमोर आपला डावा हात पुसला. डाग निघून गेला. त्यांनी हात वर करून फिरवून दाखवला. त्यांचा नाटकातला आवाज आवारभर गेला. "बघा बायांनो. रंग आहे हा. मी नटी आहे. ही पण माझ्यासारखीच नटी आहे." बायका बघत होत्या. काहींच्या चेहऱ्यावर सैलपणा आला होता, मी पाहिला. मग रोहिणीताईंनी सुमनबाईंचा डावा हात हातात घेतला आणि त्याच कापसाने पुसायला लागल्या.

मी त्यांच्यापासून लांब होते. पोचू शकले नाही.

त्यांनी पुसलं, कापूस उलटा करून पुसलं, मग जोर लावून घासलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. फोटोवरून डाग रंगवून घेणारी मी होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की या बाईच्या हातावरचा रंग नाही. सुमनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "नका बाई. तो जात नही."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "नई निघत."

मोठ्याने नव्हे. शेजारणीला सांगावं तसं. पण ते शब्द मागच्या रांगेपर्यंत गेले आणि सगळी गर्दी एक पाऊल पुढे आली.

मी तेव्हा बोलले. माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग झालं होतं, नंतर मी ते एकदाच ऐकलं, शाळेत उत्तर द्यायला उभ्या केलेल्या मुलीसारखा आवाज आहे. मी म्हणाले, "तुमचे हात दाखवा. केळीचा चीक आहे तो. तुमच्याही हाताला आहे. मी आत्ता पाहिलाय, माझ्याकडे सगळ्यांचे फोटो आहेत."

मला वाटलं होतं की हात उघडतील. एखादी तरी म्हातारी पुढे येईल, आपला काळा तळवा दाखवेल, हसेल, आणि सगळं साध्या गोष्टीसारखं होऊन जाईल. एकीनेही हात उघडला नाही. पुढच्या बाईने आपला डावा हात हळूच पदराखाली घेतला. मग तिच्या शेजारणीने घेतला. मग मागच्या रांगेत, ओळीने, सगळ्यांचे हात पदराखाली गेले. पदरांखालून दगड जमिनीवर पडल्याचे आवाज आले. आणि त्या सुमनबाईंकडे बघायच्या थांबल्या. त्या एकमेकींच्या पदराकडे बघत होत्या.

मी इतकी कधीही घाबरले नव्हते, दगडांना सुद्धा नाही.

गर्दी फुटली. कोणी चहासाठी थांबलं नाही. बायका एकेकट्या, एकमेकींत अंतर ठेवून फाटकातून निघून गेल्या.

मेकअपच्या गाडीत मी सुमनबाईंचा ब्लाऊज सोडायला मदत केली. उजव्या खांद्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती आणि कातडी फुटली होती. पहिलाच दगड लागला होता, पायरीवरून उतरताच. मग ओरडल्या का नाहीत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माले वाटनं, शूटिंग शे. असंच रास."

त्या गावात परत गेल्या नाहीत. आमच्या ड्रायव्हरने त्यांच्या घरून पेटी, शेगडी आणि देवाचा फोटो आणला आणि ऊन उतरायच्या आत गाडी धुळ्याकडे निघाली. मी पारोळ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. पोलिसांत जाऊ या, असं रस्त्यात म्हणून पाहिलं. कंपनीला ते नको होतं हे उघडच होतं, पण सुमनबाईंनाही नको होतं. तक्रारीत नाव द्यावं लागतं, आणि त्यांना आता आपलं नाव कुठेच द्यायचं नव्हतं.

मोठीमायचा शेवट नंतर मुंबईच्या स्टुडिओत रोहिणीताईंवर पूर्ण केला. पण गर्दीचा तो शॉट सरांनी ठेवला. पाठमोरी बाई पळते आहे आणि तिच्यामागे गप्प बायका. टण्ण आवाज काढून त्या जागी ढोल टाकला. मी शॉट जुळतात का ते तपासलं. जुळत होते. तो एपिसोड आमचा सगळ्यांत जास्त पाहिला गेला. आधी पाटी होती. तरी पुष्कळ प्रेक्षकांनी कळवलं की मोठीमायला शिक्षा कमीच झाली.

गावात नंतर काय झालं ते मला नानांच्या फोनवरून कळलं. म्हणाले, टोळीतल्या बाया आता हाताला फडकी गुंडाळून बागेत जातात, फॅशन निघाली मॅडम. ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरात बी सोडत नई फडकं."

गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी धुळ्याला गेले होते, तेव्हा सुमनबाईंकडे जाऊन आले. दुसऱ्या एका मालिकेवर काम करते आता, प्रेमाची आहे, त्यात कोणाला शिक्षा होत नाही. सुमनबाई मुलीकडे राहतात. मुलगी-जावई कामाला जातात, या घर सांभाळतात. वस्तीत कोणाला काही माहीत नाही. त्यांची तब्येत सुधारली होती, अंगावर चांगली साडी होती. त्यांनी चहा केला, भावाबहिणींच्या गोष्टी केल्या, मालिकेचा विषय दोघींनी काढला नाही. त्यांच्या घरात टीव्ही होता, त्यावर रुमाल घातला होता.

आम्ही ओट्यावर बसलो होतो. नळाला पाणी आलं म्हणून गल्लीत एकच धावपळ उडाली. शेजारची तरुण बाई एका हातात कळशी आणि एका हातात बाळ अशी आली. "मावशी, धरा वं जरा याले," म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाळ सुमनबाईंच्या मांडीवर ठेवून निघून गेली.

सुमनबाईंनी बाळाला मनगटांनी धरलं. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. बाळ घसरू लागलं म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. त्या गल्लीच्या टोकाकडे बघत होत्या, नळावरच्या गर्दीकडे.

"ताई, ती येस तोपावत जाशात नका," त्या म्हणाल्या. "पोऱ्या रडना तर तुम्हीन देखेल पायजे." म्हणजे पोर रडलं तर त्यांनी काही केलं नाही, हे पाहिलेलं कोणीतरी हवं होतं.

माझी जळगावची गाडी होती. मी बसून राहिले. बाळ रडलं नाही. त्याला मांडीजवळ ती मिटलेली मूठ सापडली, आणि ते तिचं एकेक बोट उघडायचा प्रयत्न करू लागलं. सुमनबाईंनी मूठ आणखी आवळली. बाळाला तो खेळ वाटला. ते हसत होतं, पुन्हा पुन्हा ओढत होतं. त्या गल्लीकडे बघत होत्या, आणि मी बाळाकडे.